सूप म्हणजे काय रे भाऊ?

मंडळी, परवा शुक्रवारी ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये माझं डोकं फिरलं. निमित्त अगदी फुटकळ, एक वाटी सूप. पण शनिवार उजाडला तरी राग जाईना, म्हणून इथे ओततोय. ज्यांना वीकेंडला हलकंफुलकं वाचायचं असेल त्यांनी पुढच्या आठवड्यात यावं.

तर झालं असं. पाऊस सुरू झाला की आमच्याकडे एक 'मान्सून स्पेशल' काउंटर लागतो. त्यावर सुबक अक्षरात पाटी : 'लोकल, सीझनल, होममेड स्टाईल. नाचणी आणि मोरिंगा सूप. १६० रुपये.' मोरिंगा म्हणजे आपला शेवगा. पण शेवग्याच्या पाल्याला कोण १६० रुपये देणार? म्हणून मोरिंगा. घेतलं. चमचा घातला तर वर तरंगतेय ब्रोकोली! जून महिन्यात मुंबईत ब्रोकोली कुठल्या सीझनची आणि कुठली लोकल, हे मी काउंटरवरच्या पोराला विचारणार होतो. पण तो बिचारा कंत्राटी, त्याला काय विचारायचं.

टेबलावर मी म्हटलं, असलं सूप आमच्या बोईसरला बायका वाटीभर पिठात करतात आणि त्याला आंबील म्हणतात. त्यावर एक मित्र म्हणाला, "अरे, तुमच्याकडच्या भाज्या अंधारात चमकतात ना?" सगळे हसले. मीही हसलो. तारापूरच्या अणुवीज केंद्रावरचा हा विनोद मी इंजिनियरिंगच्या पहिल्या वर्षापासून ऐकतोय, दर वेळी नवीन असल्यासारखं हसावं लागतं. मग दुसरा म्हणाला, "जोक जाऊ दे, पण त्या केमिकल एरियातलं मी तरी काही खाणार नाही बाबा." आणि शांतपणे ते नाचणी-मोरिंगा प्यायला लागला. ती नाचणी कुठून आली हे ना त्याला माहीत, ना पाटी लिहिणाऱ्याला.

मी तिथे काही बोललो नाही. हजरजबाबीपणा मला नेहमी विरारच्या पुढे गाडी गेल्यावर सुचतो.

पहिली गोष्ट नाचणीची. आमच्याकडे नागली म्हणतात. पालघर जिल्ह्याचा पूर्वेकडचा भाग, जव्हार, मोखाडा, विक्रमगड, तिथे डोंगरउतारावर वारली, कोकणा, ठाकर लोक पिढ्यान्‌पिढ्या नागली आणि वरई पिकवतात. १०० ग्रॅम नागलीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम, म्हणजे दुधाच्या जवळजवळ तिप्पट. हा आकडा आता प्रत्येक फिटनेसवाल्याला पाठ आहे. पण १९९२-९३ साली याच जव्हार तालुक्यात वावर-वांगणीला कुपोषणाने लहान मुलं गेली, आणि तेव्हा कुठे महाराष्ट्राला जव्हार नकाशावर शोधावंसं वाटलं. ज्या डोंगरात 'सुपरफूड' पिकतं तिथेच पोरं उपाशी. कारण नागली खायची म्हणजे ती घरात वर्षभर पुरायला हवी, त्यासाठी जमीन हवी, आणि ती नसली की दिवाळीनंतर कुटुंबंच्या कुटुंबं वीटभट्टीवर आणि रेतीवर निघून जातात. २०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्य वर्ष म्हणून साजरं केलं, आपल्या बजेटमध्ये त्याला 'श्री अन्न' हे भारदस्त नाव मिळालं. उत्तम झालं. पण नाव बदलून भारदस्त होते ती आधी किंमत, आणि वाढलेले पैसे डोंगर चढून किती वर जातात ते मोखाड्याचा आठवडी बाजार एकदा बघून या म्हणजे कळेल.

आता कोणी म्हणेल, हा मोठा आला आदिवासींचा कैवारी. तर नाही. उलट माझीच एक गोष्ट सांगतो, म्हणजे हिशोब बरोबर होईल.

आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. बाबा एमआयडीसीत नोकरीसाठी बोईसरला आले आणि इथलेच झाले. बोईसरमधली निम्मी माणसं अशीच कुठून ना कुठून आलेली. आई सांगते, पहिल्या महिन्यात तिने वाण्याकडे हुलगे मागितले तर तो नाही म्हणाला. गोणी समोरच होती, पण त्याच्या लेखी ते कुळीथ! बाबांची नाइट शिफ्ट सुटली की सकाळी आई त्यांना हुलग्याचं माडगं द्यायची. भाजलेल्या हुलग्याचं पीठ, पाणी, गूळ, सुंठ, असलं तर वर दूध. स्टीलचा पेला दोन्ही हातांत धरून ते पंख्याखाली बसायचे, पेला संपेपर्यंत कोणी काही बोलायचं नाही. कम्फर्ट फूड हा शब्द मी फार नंतर ऐकला.

तर दोन वर्षांपूर्वी जूनच्या सुरुवातीला मलाही 'लोकल-सीझनल'चं वारं लागलं. स्टेशनच्या पुलाखाली आदिवासी बायका रानभाज्या घेऊन बसतात. तिथे शेवळं दिसली. ज्यांनी पाहिली नाहीत त्यांच्यासाठी : पहिला पाऊस पडला की जंगलात जमिनीतून जांभळट तपकिरी कोंब वर येतात, सुरणाचा रानटी चुलतभाऊ. दोनेक आठवडे मिळतात, संपले की पुढच्या वर्षी. मी एक जुडी घेतली. मावशी म्हणाल्या, "काकडं पन घे दादा, नायतं घसा खाजल." सोबत छोटी हिरवी आंबट फळं होती, आवळ्याच्या धाकट्या भावासारखी. वाटा १० रुपये. मला वाटलं, आपल्याला गिऱ्हाईक समजून गळ्यात मारतायत. नको म्हटलं. वर जुडीतही ५ रुपये कमी करून घेतले आणि स्वतःवर खूश होत घरी आलो.

शेवळं चिरली, लोण्यावर परतली, मिक्सरला लावली, वरून क्रीम. 'वाइल्ड शेवळा बिस्क'. फोटो काढला. दोन चमचे प्यायलो आणि पुढचा दीड तास घशात कोणी काचपेपर फिरवतंय असं वाटत होतं. आई आधी घाबरली आणि मग इतकी हसली की विचारू नका. हे कोंब म्हणजे कॅल्शियम ऑक्झलेटच्या बारीक सुयांचं गोदाम. दांड्यातला पिवळा-लाल दाणेदार भाग काढून टाकायचा असतो, आणि काकडाचा आंबट रस घालून शिजवायचं असतं, तेव्हा खाज मरते. शेजारच्या काकूंना हे माहीत, आईला त्यांच्याकडून माहीत, मावशींना तर त्यांच्या सात पिढ्यांकडून. माहीत नव्हतं फक्त मला, फर्स्ट क्लास विथ डिस्टिंक्शन. आणि ते ज्ञान मला १० रुपयांत, तेही फळांसकट, मिळत होतं. मी घासाघीस केली.

म्हणून म्हणतो, पाटीवर 'लोकल' लिहिणाऱ्यांवर माझा राग का आहे. लोकल म्हणजे फक्त भाजी नव्हे हो. ती कधी काढायची, कुठला भाग टाकायचा, कशासोबत शिजवायची हे ठाऊक असलेली एक बाई त्या भाजीला जोडलेली असते. तुम्ही भाजी उचलता, नाव बदलता, क्रीम घालता आणि बाईला वगळता. मग १६० रुपये देताना हात थरथरत नाही, आणि तिच्यापुढे ५ रुपयांसाठी अर्थशास्त्र आठवतं. (हे वाक्य लिहिताना आरसा समोर आहे, निश्चिंत असा.)

दुसरा मुद्दा, वेळ नाही. हे तर आपल्या पिढीचं राष्ट्रगीत. मी आठवड्यातून तीन दिवस बोईसर ते अंधेरी करतो, जाऊन-येऊन चार तास कुठे गेले नाहीत. २०१३ साली लोकल डहाणूपर्यंत आली म्हणून निदान बसायची आशा तरी असते. तेव्हा वेळेचं मला सांगू नका. पाकिटातलं सूप घ्या, मागे बारीक अक्षरात वाचा : मक्याचं स्टार्च, साखर, मीठ, आणि बऱ्याच खाली कुठेतरी भाजीची पूड. आपण गरम खारट खळ पितो आणि समाधान मानतो, कारण पाकिटावर धुकं आणि खिडकी काढलेली असते.

आता कुळथाचं कळण बघा. रात्री वाटीभर कुळीथ भिजत टाकायचे. ही बॅकग्राउंड प्रोसेस आहे, तुमचा सीपीयू वापरत नाही. सकाळी किंवा संध्याकाळी भरपूर पाणी घालून कुकरला पाच-सहा शिट्ट्या. वरचं तपकिरी पाणी गाळून घ्यायचं, तेच कळण. तुपात जिरं, ठेचलेला लसूण, एक हिरवी मिरची, दोन आमसुलं, मीठ, एक उकळी. हात लागतो तो सात-आठ मिनिटं. खाली उरलेल्या कुळथाची दुसऱ्या दिवशी उसळ. एकात दोन कामं, कोड रियूज म्हणा हवं तर. आणि हे पावसात, केस ओले, गाडी पाऊण तास लेट, अशा अवस्थेत पिऊन बघा.

आंबील तर त्याहून सोपी. दोन चमचे नागलीचं पीठ ताकात किंवा पाण्यात रात्रभर कालवून ठेवा, उकळत्या पाण्यात ओता, गुठळ्या होऊ न देता ढवळा, निवली की ताक, मीठ, जिरं, लसूण. एप्रिलमध्ये कैरी उकडून तिचं सार. थंडीत टोमॅटो स्वस्त झाले की नारळाच्या दुधातलं टोमॅटोचं सार. ताप आला की मुगाचं कढण. आपल्या भाषेत सूपला शब्द नाही असं नाही, उलट चार-पाच आहेत आणि प्रत्येकाचा अर्थ वेगळा आहे. सार आंबट, कळण म्हणजे कडधान्याचं वरचं पाणी, कढण त्याहून दाट, पेज भाताची, माडगं पिठाचं. आपण सगळ्यांना एकाच सूपमध्ये बुडवलं. लाज कशाची वाटते तेही मला ठाऊक आहे : हे आजाऱ्याचं नाहीतर गरिबाचं खाणं. आंबील म्हटलं की गरीब, नाचणी सूप म्हटलं की हेल्थ कॉन्शस.

आता मित्राच्या दुसऱ्या वाक्याकडे येतो, कारण ते मला खरं लागलं. केमिकल एरिया. तो खोटं बोलत नव्हता. २०१८ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशभरच्या औद्योगिक पट्ट्यांचा निर्देशांक काढला, त्यात तारापूर १०० पैकी ९३.६९ घेऊन देशात पहिलं आलं. बोईसरचं पोरगं कशात पहिलं आलं की पेढे वाटतात, यावेळी कोणी वाटले नाहीत. त्याच्या दोन वर्षं आधी, २०१६ मध्ये, मांगेला समाज परिषदेचे मच्छीमार राष्ट्रीय हरित लवादाकडे गेले होते, की कारखान्यांच्या सांडपाण्याने आमच्या खाड्या मारल्या. नवापूर-दांडी, मुरबे-सातपाटी. पावसाळी बंदीत समुद्र बंद असताना ज्या सुक्या बोंबलाच्या आणि जवळ्याच्या पातळ कालवणावर ही किनारपट्टी जगते, त्याचं मूळ त्या पाण्यात आहे.

मग मी 'लोकल खा' कोणत्या तोंडाने सांगतो? याच तोंडाने. 'तिथलं खाणार नाही' म्हणणं सोपं आहे, कारण खाणं बंद केलं की त्या पाण्याची काळजीही बंद करता येते. ज्या औषधांचे आणि रंगांचे कारखाने तिथे आहेत, त्यांचा माल तुमच्या आमच्या घरात आहेच, फक्त घाण तिकडे राहिली. माझ्या ताटात सातपाटीचं काही येत असेल तर सांडपाण्याची बातमी मी शेवटपर्यंत वाचतो. ब्रोकोली खाताना नाही वाचत, तपासून पाहिलंय. आणि हो, मी डोळे मिटूनही खात नाही. भाजी कुठली ते विचारतो. नाल्याकाठची घेत नाही, विक्रमगडकडची असली तर घेतो. विचारायला समोर माणूस असतो हाच तर सगळा फायदा आहे. तुमच्या कॅन्टीनच्या पाटीला विचारून बघा.

असो. आज सकाळी पुलाखाली गेलो होतो. त्याच मावशी, तीच जागा, डोक्यावर प्लास्टिकचा कागद. मी आधी काकडं उचलली, मग शेवळं. त्यांनी ओळखलं नसावं, पण काकडं आधी घेतली म्हणून जरा निरखून पाहिलं. काय करनार, म्हणाल्या. माझ्या तोंडून सवयीने गेलं, "सूप."

"सूप म्हंजे?"

"म्हणजे... पातळ करायचं. पाण्यासारखं, गरम गरम प्यायला."

"मंग कालवन म्हन ना," म्हणाल्या, आणि वर मूठभर काकडं जास्तीची टाकली.

आत कुकरची चौथी शिट्टी झाली. वाल घातलेत त्यात, पाचवीला बंद करायचाय. पळतो.