विजेची मोटारसायकल : स्वस्त कोणाला?



‘किलोमीटरला फक्त २५ पैसे!’ विजेच्या मोटारसायकलीच्या दुकानात हे वाक्य हमखास ऐकू येते. ते खोटे नाही, पण अर्धेच आहे. उरलेला अर्धा भाग न ऐकता कर्ज काढून गाडी घेणारा शेतकरी पाच-सहा वर्षांनी पेचात सापडू शकतो. म्हणून सगळा हिशेब कागदावर मांडून पाहू. आकडे सोयीसाठी गोळाबेरीज धरले आहेत; आपापल्या गावचे दर घालून प्रत्येकाने तो पुन्हा करावा.

प्रथम पेट्रोलची गाडी घेऊ. १०० सीसीची साधी मोटारसायकल आपल्या रस्त्यांवर लिटरला ६० किलोमीटर जाते आणि पेट्रोल १०० रुपये लिटर आहे असे धरा. म्हणजे किलोमीटरला १ रुपया ६७ पैसे झाले. ऑइल बदलणे, प्लग, एअर फिल्टर, क्लच प्लेट आणि सर्व्हिसिंग यांचे ३३ पैसे मिळवले की २ रुपये होतात.

आता विजेची गाडी. रिव्होल्ट आरव्ही ४०० या मोटारसायकलीची बॅटरी ३.२४ युनिटची आहे. अशा गाडीला १०० किलोमीटरसाठी भिंतीच्या प्लगमधून सुमारे ४ युनिट वीज लागते. चार्ज होताना वाया जाणारी वीजही त्यात आली. ७ रुपये युनिटप्रमाणे किलोमीटरला २८ पैसे पडतात. या गाडीला इंजिन नाही, त्यामुळे ऑइल नाही, प्लग नाही, क्लच नाही. किरकोळ देखभालीचे १२ पैसे धरले तर एकूण ४० पैसे. टायर आणि ब्रेक दोन्ही गाड्यांना लागतातच, म्हणून ते सोडून दिले. विम्यातही थोडी बचत आहे. २०२२ च्या दरपत्रकात ७५ ते १५० सीसीच्या गाडीचा थर्ड पार्टी विमा वर्षाला ७१४ रुपये आणि ३ ते ७ किलोवॅटच्या विजेच्या गाडीचा ६०७ रुपये ठरला.

म्हणजे दर किलोमीटरला १ रुपया ६० पैसे वाचतात. दुकानदार येथे थांबतो. शेतकऱ्याने मात्र थांबू नये.

बैलाला चारा रोज लागतो. विजेच्या गाडीचा मोठा खर्च सहा-आठ वर्षांतून एकदाच येतो, पण घाऊक येतो. तो खर्च बॅटरीचा. लिथियमची बॅटरी वापराने झिजते, तशी नुसत्या वयानेही उतरते. गाडी पडवीत उभी राहिली म्हणून तिचे आयुष्य थांबत नाही. आपण तिचे आयुष्य ६ वर्षे आणि नव्या बॅटरीची किंमत ६०,००० रुपये धरू. शिवाय विजेची गाडी घेतानाच ४०,००० रुपये जास्त मोजावे लागतात असे धरा. आपल्याकडे मोटारसायकल १२ वर्षे सहज वापरतात. तेवढ्या काळात एक बॅटरी बदलावी लागेल. दोन्ही मिळून १ लाख, म्हणजे वर्षाला सुमारे ८,३०० रुपये जादा.

हे ८,३०० रुपये भरून काढायला वर्षाला सुमारे ५,२०० किलोमीटर गाडी चालली पाहिजे. वर्षाचे ३०० दिवस गाडी बाहेर काढली, तर रोजचे १७ किलोमीटर झाले. कर्जाचे व्याज यात धरलेले नाही.

माझे मत यावरूनच बनले आहे. रोज शहरात दूध, भाजी किंवा पाव पोचवणाऱ्याची फेरी ३० किलोमीटरच्या वर असेल, तर त्याने विजेची गाडी जरूर घ्यावी. त्याचे वर्षाला सुमारे ६,००० रुपये खरोखर वाचतील. ज्याची गाडी शेतापर्यंत आणि रविवारी चर्चपर्यंत, म्हणजे दिवसाला सरासरी १० किलोमीटर चालते, त्याचे मात्र वर्षाला ३,५०० रुपये तोट्यात जातील. त्याने जुनी पेट्रोल गाडी नीट राखावी, त्यात कमीपणा काही नाही.

गाडी घेणाऱ्याने पहिल्या महिन्यापासून एक शिस्त पाळावी. रोज ३० किलोमीटर चालणाऱ्याचे महिन्याला १,२०० रुपये वाचतात. त्यातले ८५० रुपये आपले नाहीत, ते पुढच्या बॅटरीचे आहेत. ते पोस्टात किंवा पतसंस्थेत दरमहा टाकावेत. ज्या घरात हे होणार नाही, त्या घरात बॅटरी संपेल त्या दिवशी सावकार आठवेल.

विजेच्या बिलाचीही एक गोष्ट बेळगाव-खानापूर भागातील वाचकांनी ध्यानात ठेवावी. कर्नाटकात २०२३ पासून गृहज्योती योजनेत घराला मिळणारी मोफत वीज आधीच्या सरासरी वापरावर ठरते. गाडीमुळे महिन्याला ३० युनिट वाढले, तर वरचे पैसे भरावे लागतील. वापर २०० युनिटच्या पुढे गेला, तर सगळेच बिल भरावे लागेल. आणि पंपाच्या मोफत विजेवर गाडी चार्ज करण्याचा मोह कोणी धरू नये. ती वीज पिकाला पाणी देण्यासाठी आहे.

बॅटरी जपली तर हा सारा हिशेब सुधारतो. उन्हात तापलेली गाडी लगेच चार्जला लावू नये. बॅटरी पार शून्यावर आणू नये. प्लगला चांगले अर्थिंग असावे. गवताच्या गंजीजवळ किंवा गोठ्यात चार्जिंग मुळीच करू नये.

धूर नाही हा या गाडीचा मोठा गुण आहे, आणि भरबाजारात दुचाकींच्या रांगेत उभे राहणाऱ्या छातीला त्याची किंमत कळते. पण धूर नाही म्हणून खर्च नाही असे नव्हे. दुकानात जाण्यापूर्वी एक महिनाभर रोज संध्याकाळी गाडीचे किलोमीटर वहीत लिहा. गाडी घ्यावी की नाही, ते ती वहीच सांगेल.