बुडालेल्या बोटींचाही इतिहास लिहायला हवा

बोट बुडाली की आपल्याकडे पुढचे सारे ठरलेले असते. पहिल्या दिवशी शोधकार्य, दुसऱ्या दिवशी मृतांचा आकडा आणि मदतीची घोषणा, तिसऱ्या दिवशी चौकशीचे आदेश. चौथ्या दिवशी बातमी आतल्या पानावर जाते आणि आठवड्याभरात तीही विरते. पुढची बोट बुडते तेव्हा आधीच्या बोटीवर किती माणसे होती, ती कोणाची होती, चौकशीतून काय निघाले, हे सांगणारा कागद सामान्य माणसाच्या हाती नसतो. महाराष्ट्रात समुद्रात, नदीत, धरणात किंवा तलावात बुडालेल्या प्रत्येक बोटीचा इतिहास नावानिशी लिहिला गेला पाहिजे, तो सर्वांना पाहता आला पाहिजे आणि तो लिहिण्याची जबाबदारी एखाद्या ठरावीक यंत्रणेवर असली पाहिजे, असे या लेखाचे म्हणणे आहे. ही मागणी स्मारकांच्या हौसेतून आलेली नाही. पुढची बोट वाचवण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग आधीच्या बोटीच्या नोंदीतून जातो, हे जगाने एकदा मोठी किंमत मोजून शिकून घेतले आहे.

तो धडा ब्रिटनच्या मच्छीमार बंदरांनी दिला. १८८१ साली ग्रिम्सबी बंदरातून ‘झोडियाक’ हे वाफेच्या यंत्रावर चालणारे, खास ट्रॉल जाळे ओढण्यासाठी बांधलेले जहाज समुद्रात गेले. पुढच्या काही दशकांत हल, ग्रिम्सबी, ॲबरडीन, फ्लीटवूड या बंदरांतून शेकडो वाफेचे ट्रॉलर उत्तर समुद्रात आणि तिथून थेट आइसलँडपर्यंत जाऊ लागले. त्यांतले कितीतरी परतले नाहीत. कोणी वादळात गेले, कोणी खडकावर आदळले, कोणी सुरुंगावर चढले. एकट्या हल बंदराने सुमारे ६,००० मच्छीमार गमावले, असे मानले जाते. तरीही त्यांतल्या एखाद्या जहाजाचे नाव घेतले, तर ते कोणत्या गोदीत बांधले, मालक कोण होते, कप्तान कोण होता, शेवटचा निरोप कधी आला आणि त्यावर कोण कोण होते, हे बहुतेक वेळा आजही शोधून काढता येते. १९०४ च्या ऑक्टोबरमध्ये रशियन आरमाराने अंधारात जपानी बोटी समजून हलच्या मच्छीमार ताफ्यावर गोळीबार केला आणि ‘क्रेन’ हा ट्रॉलर बुडाला. त्यावर पॅरिसमध्ये आंतरराष्ट्रीय चौकशी बसली, आणि बळी गेलेल्या मच्छीमारांचा पुतळा १९०६ मध्ये हलच्या हेसल रोडवर उभा राहिला. पहिल्या महायुद्धात शत्रूच्या कारवाईत ६७५ ब्रिटिश मासेमारी बोटी गेल्या. हा आकडा आज सांगता येतो, कारण युद्ध संपल्यावर वर्षाच्या आतच, १९१९ मध्ये, सरकारने बुडालेल्या जहाजांच्या याद्या छापल्या आणि त्यांत मासेमारी बोटींनाही नावानिशी जागा दिली.

हे ब्रिटिशांच्या मनाच्या मोठेपणामुळे घडले असे समजण्याचे कारण नाही. त्यामागे रूक्ष कारकुनी होती. प्रत्येक जहाजाला अधिकृत क्रमांक होता. बोटीच्या अंगावर बंदराचे अक्षर आणि नोंदणी क्रमांक रंगवावा लागे. हलच्या बोटीवर ‘एच’, ग्रिम्सबीच्या बोटीवर ‘जीवाय’. खलाशांच्या याद्या सरकारदरबारी जात. १८९४ च्या जहाजविषयक कायद्यात अपघाताच्या रीतसर चौकशीची तरतूद होती. यावर कोणी म्हणेल की हा सगळा खटाटोप मालक, विमा कंपन्या आणि करवसुली यांच्यासाठी होता, खलाशांच्या प्रेमापोटी नव्हे. आक्षेप रास्त आहे. पण नोंद कोणी कोणत्या हेतूने केली, यापेक्षा ती पुढे कोणाच्या कामाला आली, हे महत्त्वाचे. मालकांच्या सोयीसाठी ठेवलेले हेच कागद पुढे मालकांविरुद्धचा पुरावा ठरले.

२६ जानेवारी १९५५ रोजी आइसलँडच्या उत्तरेला ‘लोरेला’ आणि ‘रॉडेरिगो’ हे हलचे दोन वाफेचे ट्रॉलर चाळीस माणसांसह बुडाले. डोलकाठ्या, दोरखंड आणि डेकवर बर्फाचे थर चढत गेले, जहाजांचा तोल वर सरकला आणि ती कलंडली. शेवटच्या तासांतले बिनतारी निरोप जपले गेले होते, म्हणून हे कळले, आणि बर्फाच्या भाराखाली जहाजाचा तोल कसा जातो याचा शास्त्रीय अभ्यास सुरू झाला. १९६८ च्या जानेवारी-फेब्रुवारीत हलचेच तीन ट्रॉलर काही आठवड्यांत गेले: ‘सेंट रोमेनस’, ‘किंग्स्टन पेरिडॉट’ आणि ‘रॉस क्लीव्हलँड’. ५८ माणसे मेली, वाचला एकच. ‘सेंट रोमेनस’ बिनतारी यंत्र सांभाळणाऱ्या माणसाशिवायच बंदरातून सुटला होता, आणि कित्येक दिवस त्याचा निरोप नसतानाही कोणी धोक्याची घंटा वाजवली नव्हती. हे उघड झाल्यावर हलच्या मच्छीमार वस्तीतली लिलियन बिलोका आणि तिथल्या बायका रस्त्यावर उतरल्या, दहा हजार सह्या गोळा केल्या आणि मंत्र्यांसमोर जाऊन बसल्या. त्यांचे मागणे मोघम नव्हते. प्रत्येक ट्रॉलरवर बिनतारी यंत्राचा जाणकार हवा, ताफ्यासोबत मदतीचे जहाज हवे, हवामानाचा इशारा वेळेवर हवा. या मागण्या मान्य झाल्या, आणि ट्रॉलरच्या सुरक्षेची देशव्यापी चौकशी होऊन १९६९ मध्ये तिचा अहवाल आला. जहाजात नेमके काय नव्हते हे ठाऊक होते, म्हणूनच काय मागायचे हे त्या बायकांना ठाऊक होते.

आता आपल्या किनाऱ्याकडे पाहू. वाफेचा ट्रॉलर आपल्यालाही नवा नाही. १९२१-२२ मध्ये मुंबई सरकारने ‘विल्यम कॅरिक’ हा ट्रॉलर मुंबईलगतच्या समुद्रात चाचणी मासेमारीसाठी वापरला होता, आणि त्या पाहणीचा उल्लेख मत्स्यविज्ञानाच्या ग्रंथांत अजूनही येतो. म्हणजे माशांची नोंद ठेवण्याची शिस्त आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वीच आली. माणसांच्या नोंदीचे काय झाले, ते ‘रामदास’ बोटीवरून कळते. १७ जुलै १९४७ च्या सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ही आगबोट भर पावसाळ्यात, ऐन आषाढ अमावास्येच्या सुमारास, उलटून बुडाली. स्वातंत्र्य महिन्यावर आले होते. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरची ती सर्वांत भीषण दुर्घटनांपैकी एक. ही बोट १९३६ साली इंग्लंडमधल्या स्वान हंटर या गोदीत बांधलेली होती आणि तिची लांबी १७९ फूट होती, हे आपण आज सांगू शकतो. पण तिच्यासोबत किती माणसे गेली, हे छातीठोकपणे सांगता येत नाही. कुठे सव्वासहाशे छापले जाते, कुठे सातशेच्या जवळ. गोदीने लोखंडाचा हिशेब चोख ठेवला, आपण माणसांचा ठेवला नाही. त्याच्या वीस वर्षे आधी, ११ नोव्हेंबर १९२७ रोजी, ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या दोन बोटी याच किनाऱ्यावर एकाच दिवशी वादळात सापडून बुडाल्या होत्या. त्या दिवसाचा बारकाईने लिहिलेला, सहज वाचायला मिळणारा इतिहास लोकांपुढे असता, तर १९४७ च्या पावसाळ्यात खचाखच भरलेल्या बोटीत पाय ठेवताना काहींनी तरी विचार केला असता, आणि बोट सोडणाऱ्यांना जाब विचारणारा कोणीतरी निघाला असता.

हे सारे समुद्राकाठचे. समुद्रापासून दूर असलेल्या नागपूरला त्याचे काय, असा प्रश्न येईल. उत्तर विदर्भाच्या पाण्यातच आहे. ९ जुलै २०१७ रोजी नागपूरजवळच्या वेणा जलाशयात अकरा जण बसलेली नाव उलटली आणि त्यांतले बहुतेक बुडाले. १४ सप्टेंबर २०२१ रोजी वरूड तालुक्यात झुंजजवळ वर्धा नदीत नाव बुडून एकाच गोतावळ्यातले अकरा जण गेले. २३ जानेवारी २०२४ रोजी गडचिरोलीच्या चामोर्शी तालुक्यातून मिरची तोडायला निघालेल्या मजूर बायांचा डोंगा वैनगंगेत उलटला आणि सहा जणी दगावल्या. या तीन घटनांच्या आपण तीन वेगळ्या गोष्टी करून टाकल्या. पहिली मोबाइलवरच्या सेल्फीची, दुसरी दुर्दैवी कुटुंबाची, तिसरी गरिबीची. विचारायचे प्रश्न मात्र तिन्हींत तेच होते. नाव कोणाची? ती किती माणसांसाठी बांधलेली? तिची कुठे नोंद होती का? अंगात घालायला जीवरक्षक जॅकेट होते का? पलीकडे जायला दुसरी वाट होती का? ही उत्तरे एका जागी, एकाखाली एक लिहिली गेली असती, तर कदाचित दिसले असते की दोष सेल्फीचा कमी आणि बेहिशेबी भरलेल्या नावेचा जास्त आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीतल्या हजारो मामा (माजी मालगुजारी) तलावांवर ढिवर, भोई, कहार बांधव रोज डोंगा घालतात. त्यांच्यापैकी एखादा एकटा बुडाला तर त्याची तालुक्याच्या बातमीत दोन ओळींपलीकडे दखलही घेतली जात नाही.

कायदा नाही, ही सबब आता चालणार नाही. १९१७ चा जुना कायदा मोडीत काढून संसदेने २०२१ मध्ये अंतर्देशीय जलयान कायदा केला. यंत्रावर चालणाऱ्या नावांची नोंदणी, त्यांच्या माहितीचा देशभरासाठी एकच इलेक्ट्रॉनिक साठा, अपघात झाल्यास जवळच्या पोलीस ठाण्याला आणि राज्याने नेमलेल्या अधिकाऱ्याला कळवण्याचे बंधन आणि जिल्हा दंडाधिकाऱ्यामार्फत चौकशी, हे सारे त्यात आहे. वल्ह्याने चालणाऱ्या नावांची नोंद स्थानिक संस्थांमार्फत ठेवण्याचीही वाट त्यात ठेवलेली आहे. समुद्रात तर मुंबईवरच्या २६/११ च्या हल्ल्यात ‘कुबेर’ या गुजरातच्या मासेमारी बोटीचा वापर झाल्यापासून मच्छीमारांची ओळखपत्रे, बोटींचे क्रमांक आणि रंग यांची शिस्त वाढली. ऑगस्ट २०२४ मध्ये एक लाख मासेमारी बोटींवर उपग्रहाद्वारे संपर्क साधणारी यंत्रे बसवण्याच्या योजनेला पालघरमधून सुरुवात झाली. बोट तरंगते तोवर तिची ओळख पटवण्याची सोय अशी होत आली आहे. ती बुडाल्यावर तिची कहाणी जपून लोकांपुढे ठेवणे, एवढेच काम राहिले आहे, आणि त्याला उपग्रह लागत नाही.

या मागणीवर तीन आक्षेप येतील. पहिला पैशाचा: नोंदी ठेवण्यापेक्षा तोच पैसा जॅकेटांवर घाला. जॅकेटे हवीतच. पण ती कोणत्या घाटावर, कोणत्या महिन्यात, कोणत्या प्रवाशांसाठी आधी द्यायची, हे नोंदीशिवाय ठरवणार कसे? मिरची तोडणीच्या हंगामात वैनगंगेचे घाट आणि जुलैच्या सुटीच्या दिवशी नागपूरजवळची धरणे यांचा धोका वेगळा आहे, त्यामुळे उपायही वेगळे लागतील. दुसरा आक्षेप असा, की अशी नोंदवही म्हणजे गरीब नावाड्याला अडकवण्याचे नवे हत्यार होईल. ही भीती खरी आहे, कारण आपल्याकडे अपघातानंतर पहिला गुन्हा बहुधा नाव वल्हवणाऱ्यावरच नोंदवला जातो. म्हणून ही नोंद फौजदारी तपासापासून वेगळी ठेवावी. तिचा हेतू कारण शोधण्याचा असावा. घाटावर पूल का झाला नाही, ठेका कोणी दिला, तपासणी कोणी केली नाही, हे प्रश्न विचारले गेले तर दोषाचा भार एकट्या नावाड्याच्या डोक्यावरून उतरेल. तिसरा आक्षेप कुटुंबांच्या दुःखाचा: जखम कशाला उकरायची? बुडालेल्यांची नावे छापण्याआधी घरच्यांची संमती घेता येईल. पण नोंद नसण्याचाही घरच्यांना त्रास होतोच. समुद्रात बेपत्ता झालेल्या खलाशाचा मृतदेह सापडला नाही, तर सात वर्षे काही खबर नसल्यावर मृत्यू गृहीत धरण्याचा नियम आपल्या पुरावा कायद्यात आहे. विम्याच्या दाव्यासाठीही कागद लागतात. बोट कधी निघाली, तिच्यावर कोण होते, वादळ कुठे लागले, याची भक्कम नोंद असेल तर त्याच्या विधवेला दारोदार पुरावे मागत फिरावे लागत नाही. कोकणच्या बोटींवर नेपाळपासून आलेले खलाशी काम करतात. त्यांच्या घरच्यांच्या हाती तर या नोंदीवाचून दुसरे काहीच नसते.

हे काम करायला नागपूर योग्य जागा आहे. महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय इथेच आहे. गोड्या पाण्यातल्या मासेमारीचा अभ्यास हे विद्यापीठ करतेच. त्या पाण्यावर मेलेल्या माणसांचा अभ्यास त्याला परका नसावा. मेरीटाइम बोर्ड, मत्स्यव्यवसाय विभाग आणि जिल्हाधिकारी कार्यालयांकडची माहिती गोळा करून विद्यापीठाने दरवर्षी एक जाहीर अहवाल काढावा: किती बोटी बुडाल्या, कुठे, कशा, चौकशीत काय ठरले आणि त्यावर काय केले. मागची प्रकरणेही त्यात यावीत; ‘जयंती’, ‘तुकाराम’ आणि ‘रामदास’पासून सुरुवात व्हावी आणि वेणा, वर्धा, वैनगंगेपर्यंत यावे. राज्याचे विधिमंडळ दर हिवाळ्यात नागपुरात बसते. येत्या अधिवेशनात विदर्भातल्या आमदारांनी पक्ष बाजूला ठेवून एकच मागणी लावून धरावी: बोट बुडाली की तिची चौकशी होईल, चौकशीचा अहवाल सहा महिन्यांत सभागृहासमोर येईल आणि तो कोणालाही वाचता येईल. तेवढे झाले तरी पुढच्या अपघातानंतर चौकशीचे आदेश देणाऱ्याला आधी मागच्या चौकशीचे काय झाले, हे सांगावे लागेल.