धक्का कोण मारतं?

गाडी बंद पडली की आमच्या घरात एक वाक्य ठरलेलं होतं. "उतरा, जरा धक्का मारा." मग हे स्टिअरिंगवर बसायचे आणि मी, जाऊबाई आणि सुट्टीला आलेली भाची पदर-ओढण्या खोचून मागं उभ्या. इंद्रपुरीतल्या आमच्या गल्लीनं हा देखावा इतक्या वेळा पाहिलाय, की कोपऱ्यावरचा पोहे-जलेबीवाला झारा बाजूला ठेवून न बोलावता यायचा. "चलो आंटीजी, एक, दो, तीन!" सगळे हसायचे. मीही हसायची. हसण्यावारी नेलं की रडायला लागत नाही.

धक्का मारून गाडी कशी सुरू होते, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. बॅटरी उतरली की सेल्फ लागत नाही. मग चावी चालू ठेवायची, दुसरा गिअर टाकायचा आणि क्लच दाबून धरायचा. गाडीनं जरा वेग घेतला की क्लच झटकन सोडायचा. चाकं इंजिनाला फिरवतात आणि इंजिन जागं होतं. म्हणजे यात एक माणूस बसलेला लागतो, बाकीचे ढकलणारे. ज्याला गाडी येते तो बसतो. आणि ही गाडी ठेवायची की काढायची, हेही तोच ठरवतो. ढकलणाऱ्यांना कुणी विचारत नाही. माझं भांडण गाडीशी नाही, या व्यवस्थेशी आहे.

आमची गाडी २०२१ मध्ये घेतली, जुनी, नऊ वर्षं वापरलेली, एका विक्रेत्याकडून. अर्धे पैसे माझी मुदतठेव मोडून आले. ती ठेव माहेरच्या पैशांची होती. कागदांवर नाव यांचं. "एकाच घरात काय तुझं-माझं?" हे वाक्य तुमच्याही घरी ऐकलं असेल. पहिल्याच उन्हाळ्यात रायसेन रोडवर काटा लाल खुणेवर गेला आणि बॉनेटमधून वाफ आली. मिस्त्रीनं रेडिएटर बदलला. दोन महिन्यांनी पुन्हा तेच, तेव्हा थर्मोस्टॅट बदलला. मग पंखा, मग वॉटर पंप. प्रत्येक वेळी "अब नहीं होगा, भाईसाहब" आणि प्रत्येक वेळी यांची मान डोलायची. शेवटी एका म्हाताऱ्या मिस्त्रीनं इंजिनातली ऑइलची काडी ओढून माझ्यासमोर धरली. तेल चहासारखं दुधाळ झालेलं. हेड गॅस्केट गेलं होतं, पाणी तेलात मिसळत होतं. चार जणांनी भाग बदलले होते, रोग कुणी पाहिलाच नव्हता. गॅस्केट बदललं, पण तोवर इंजिन इतक्यांदा तापलं होतं की त्याची तब्येत पुन्हा सुधारली नाही.

आता भोजपूरची गोष्ट सांगते. मागच्या वर्षी दशलक्षण पर्व संपल्यावर माझी सांगलीची बहीण आली होती. तिला भोजपूर पाहायचं होतं. बेतवेकाठचं भोजराजाचं अपुरं राहिलेलं शिवमंदिर सगळ्यांना माहीत असतं, पण जवळच आपलं जिनमंदिर आहे आणि तिथली शांतिनाथांची उंच मूर्ती पाहून मान वर करून करून दुखते. सासूबाई म्हणाल्या, "मीही येते, पुन्हा कधी होईल कोण जाणे." त्या ७८ वर्षांच्या. लग्न होऊन भोपाळला आल्या तेव्हा सासरे हेवी इलेक्ट्रिकल्समध्ये होते, तेव्हापासूनचा त्यांचा नियम: सूर्यास्तानंतर अन्न नाही, पाणीही नाही. आमचा हिशेब सरळ होता. घरापासून तीसेक किलोमीटर, चारला निघालो की साडेपाचपर्यंत घरी, सहाच्या आत त्यांचं जेवण.

ग्यारह मीलच्या अलीकडे गाडी थांबली. पाऊस होता. हे बॉनेट उघडून उभे, फोन लावताहेत. मिस्त्री "आधे घंटे में" म्हणाला, ते आपल्या सगळ्यांना माहीत असलेलं अर्ध्या तासाचं माप. मी म्हटलं, रिक्षा बघू या, आईंना पुढं पाठवू. हे म्हणाले, "आत्ता सुरू होईल." बहिणीनं डबा उघडला, त्यात दोन पुऱ्या होत्या. सासूबाई म्हणाल्या, "घरी जाऊन हात-पाय धुऊन जेवीन, एवढी काय घाई." मग ढगांमागं कुठंतरी दिवस मावळला. त्यांनी घड्याळाकडं पाहिलं आणि हात जोडले, बस्स. त्या काही बोलल्या नाहीत. घरी पोचलो तेव्हा रात्रीचे नऊ वाजले होते. दुपारी अकरानंतर त्यांच्या पोटात काही नव्हतं. पहाटे न्हाणीघरात जाताना त्यांना भोवळ आली. मी हात धरला म्हणून पडल्या नाहीत.

सकाळी हे म्हणाले, "नशीब खराब." मी पहिल्यांदाच उलटून बोलले. नशीब नव्हे. जी गाडी वर्षभर बंद पडते आहे ती त्या दिवशीही पडली, यात नशिबाचा काय संबंध? त्या गाडीत ७८ वर्षांच्या बाईला बसवायचं ठरवलं, ती चूक आपली. माझीसुद्धा.

त्याच दिवशी मी वही काढली. मागच्या पावत्या शोधल्या, फोनमधले निरोप पाहिले, चौदा महिन्यांचा हिशेब मांडला. गाडी ११ वेळा बंद पडली. दुरुस्ती ४१,३०० रुपये, ओढून नेण्याचे ३,६००, अडल्यावर केलेल्या रिक्षांचे ४,१००. एकूण ४९,०००. हा भाग यांनाही मान्य होता. मग मी दुसरा रकाना काढला, तो त्यांनी कधी पाहिलाच नव्हता. रस्त्यावर किंवा गॅरेजच्या बाकड्यावर बसलेले तास: ६३. हुकलेलं: भाचीची एक परीक्षा, डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ दोनदा, बारशाचं एक आमंत्रण. आणि ज्याला आकडा नाही ते: प्रत्येक वेळी निघताना पोटात येणारा गोळा, "आज पोचू ना?"

मैत्रिणींनो, बिघडणाऱ्या गाडीची खरी किंमत या दुसऱ्या रकान्यात असते, आणि तो रकाना बहुतेक आपल्या अंगावर पडतो. गाडी बंद पडली तर पुरुष मिस्त्रीशी बोलत उभा राहतो, त्याला काहीतरी काम असतं. आपण आत बसतो, मुलाला लघवीला कुठं न्यायचं याचा विचार करतो, घरी फोन करून कुकर कुणी लावायचा ते सांगतो, अंधारात येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या नजरा झेलतो. याची पावती कुणी देत नाही. म्हणून घरात म्हटलं जातं, "गाडी काही फार खर्चिक नाही."

मी हे बोलायला लागले तेव्हा तीन उत्तरं मिळाली. तिन्ही तुम्हालाही मिळतील, म्हणून लिहिते.

पहिलं: "गाडी म्हणजे घरातलं माणूस, अशी कशी काढायची?" हे मला समजतं. आपल्या वडिलांच्या पिढीनं स्कूटरसाठी वर्षानुवर्षं नंबर लावला. रस्त्यावर अँबॅसिडर आणि प्रीमियर पद्मिनी, तिसरं नाव सुचायचं नाही. १४ डिसेंबर १९८३ ला इंदिरा गांधींनी पहिल्या मारुतीची किल्ली ग्राहकाच्या हाती दिली, ती देशाची बातमी झाली. त्या काळात गाडी सांभाळणं, पुन्हा पुन्हा दुरुस्त करणं ही गरज होती, कारण दुसरी मिळतच नव्हती. आता तो काळ गेला. मारुती ८०० आणि अँबॅसिडर दोन्हींचं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं. सवय तेवढी उरली. आणि घरातल्या माणसाचं म्हणाल, तर गाडीतून उतरून भोवळ आलेलं माणूसही घरातलंच होतं.

दुसरं: "दुरुस्त करून वापरणं ही काटकसर आहे." मी काटकसरीच्या विरुद्ध नाही. माझा मिक्सर एकवीस वर्षांचा आहे, छत्रीची काडी मी अजून बदलून घेते. पण मिक्सर दुरुस्त झाला की दुरुस्त होतो. जी दुरुस्ती काही सुधारत नाही ती काटकसर कशी? तो हप्ता आहे, आणि त्याची शेवटची तारीख कुठं लिहिलेली नाही.

तिसरं उत्तर मंदिरात एका वयस्क काकांनी दिलं: "आहे त्यात भागवावं. नवीन घेणं म्हणजे परिग्रह वाढवणं." हे मला सगळ्यात जास्त लागलं, कारण बोलणारा माझ्याच भाषेत बोलत होता. पण तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची व्याख्या वस्तूंच्या संख्येवर केलेली नाही. मूर्च्छा म्हणजे परिग्रह, वस्तूत गुंतून पडणं म्हणजे परिग्रह. मग सांगा काका, जी गाडी पोचवत नाही, पैसा खाते, म्हाताऱ्या बाईचा नियम अडचणीत आणते आणि तरी सोडवत नाही, तिच्याशी आमचं नातं काय झालं? अपरिग्रह नवीन न घेण्यात असेलही. जुनं सोडण्यातही आहेच. आणि नवीन घ्या असं मी म्हटलंच नव्हतं.

शेवटी काढायची ठरली, आणि तिथं खरी परीक्षा आली. मिस्त्रीनं गिऱ्हाईक आणलं, एक तरुण, घरात लहान बाळ. ९०,००० द्यायला तयार. मिस्त्री यांच्या कानाशी लागला, गॅस्केटचं बोलू नका, इंजिन धुऊन नवं तेल टाकतो, महिनाभर काही कळणार नाही. हे गप्प राहिले. मला दिसलं, आपली बला दुसऱ्याच्या दारात जाणार, आणि आता धक्का त्या बाळाची आई मारणार. आपल्यालाही कुणीतरी असंच इंजिन धुऊन दिलं असेल ना? मी वही आणली आणि अकराच्या अकरा नोंदी त्या मुलाला वाचून दाखवल्या. तो उठून गेला. यांनी चार दिवस माझ्याशी अबोला धरला. पंधरा दिवसांनी गाडी ६५,००० ला गेली, एका गॅरेजवाल्याला, त्याला इंजिन बदलायचंच होतं. २५,००० कमी आले. ते मी नुकसान मानत नाही.

आता काही व्यवहाराचं. जुनी गाडी विक्रेत्याकडून घेऊन फसला असाल तर गप्प बसू नका. ग्राहक कायद्यात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आपण राहतो त्या जिल्ह्यातही करता येते, आणि दिलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. आम्ही ती दोन वर्षं "बघू" म्हणत घालवली. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढं तपासणी होऊन पाच-पाच वर्षांनी वाढते. अगदीच दम संपला असेल तर नोंदणीकृत भंगार केंद्रात देऊन प्रमाणपत्र घ्या, गल्लीतल्या भंगारवाल्याला देऊ नका. आणि विकली तर आरटीओत नाव बदललं की नाही ते स्वतः पाहा. नोंदीत ज्याचं नाव, कायद्यात मालक तोच, असं २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय. उद्या अपघात झाला तर नोटीस तुमच्या दारी येईल.

सध्या आमच्या दारात गाडी नाही. पावसात त्रास होतो, खोटं कशाला बोलू? पिपलानीच्या बाजारातून ओझं घेऊन यायला रिक्षाची वाट पाहावी लागते. पण निघताना पोटात गोळा येत नाही, आणि सासूबाईंचं जेवण वेळेवर होतं. पुढं गाडी घेऊ तेव्हा माझ्या दोन अटी आहेत: कागदांवर माझंही नाव, आणि घ्यायच्या आधी इंजिन दुसऱ्या मिस्त्रीकडून तपासून. दरम्यान ५४ व्या वर्षी मी गाडी शिकते आहे. क्लच सोडताना अजून बंद पडते. शिकवणारा मुलगा म्हणतो, "आराम से, आंटीजी."

तुमच्याकडे अशी गाडी असेल तर आज एक वही काढा. पैशांचा रकाना घरचे लिहितीलच. दुसरा रकाना तुम्ही लिहा, तासांचा, हुकलेल्या गोष्टींचा, रस्त्यावर काढलेल्या संध्याकाळींचा. महिनाभर लिहा आणि मग जेवणाच्या ताटावर नव्हे, सगळे निवांत बसलेले असताना मोठ्यानं वाचा. ज्यांनी धक्का मारला त्यांना ठरवायचा हक्क आहे.