विचित्र कण आणि बिडकीनचा विद्यार्थी

पैठण रस्त्यावरील बिडकीनच्या शेतजमिनींवर औद्योगिक नगरी उभी राहत आहे. तेथील तरुणाने यंत्रावरचे काम शिकावे, असे सारेच सांगतात. पदार्थाच्या अंतरंगाचा शोध घ्यावा, असे त्याला कोणी सांगत नाही. मूलभूत विज्ञान ही श्रीमंत देशांची चैन होय, हा समज आपल्या सुशिक्षितांतही रुजलेला आहे. तो तपासून पाहिला पाहिजे.

1947 साली मँचेस्टर येथे रॉचेस्टर आणि बटलर यांना विश्वकिरणांच्या छायाचित्रांत अपरिचित कणांच्या खुणा आढळल्या. हे कण निमिषार्धात निर्माण होत, परंतु नष्ट होण्यास अपेक्षेपेक्षा अब्जावधी पट अधिक काळ घेत. म्हणून ते 'विचित्र' ठरले. त्यांचा मागोवा लगेच पुढच्या दशकात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बर्नार्ड पीटर्स, देवेंद्र लाल आणि यशपाल यांनी घेतला. देश तेव्हा आजच्याहून कितीतरी गरीब होता.

आता विश्वकिरणांची वाट पाहावी लागत नाही. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात जेफरसन प्रयोगशाळेमध्ये इलेक्ट्रॉनांचा झोत द्रवरूप हायड्रोजनवर सोडतात. इलेक्ट्रॉनला अंतर्गत रचना असल्याचे आजवर आढळलेले नाही. त्यामुळे प्रोटॉन पारखण्यास तो विश्वासू साधन ठरतो. धडकेच्या ऊर्जेतून विचित्र क्वार्क आणि त्याचा प्रतिक्वार्क अशी जोडी जन्मते. एक केऑनमध्ये जातो, दुसरा लॅम्डा कणात. विखुरलेला इलेक्ट्रॉन आणि केऑन टिपले, की ऊर्जेचा व संवेगाचा जमाखर्च मांडून न टिपलेल्या लॅम्डाचे वस्तुमान काढता येते. प्रोटॉनचे बहुतांश वस्तुमान क्वार्कांच्या स्वतःच्या वस्तुमानातून येत नाही, त्यांना बांधणाऱ्या ऊर्जेतून येते. ही बांधणी कशी होते, हे उलगडण्यासाठीच हा खटाटोप.

याचा उपयोग काय, असे कोणी विचारील. कर्करोगावर किरणोपचार करणारी यंत्रे ही इलेक्ट्रॉन त्वरकाचीच भावंडे आहेत, हे एक उत्तर. परंतु खरे उत्तर निराळे आहे. अशा प्रयोगांत अनेक विद्यापीठे सहभागी असतात आणि नोंदींचे विश्लेषण दूरच्या संगणकावरही होते. त्यासाठी दारात बोगदा खणावा लागत नाही. गणित आणि भौतिकी शिकवणारा जाणता अध्यापक लागतो. आणि नेमका तोच आपल्याकडे दुर्मिळ झाला आहे. राज्यातील विद्यापीठांत व महाविद्यालयांत अध्यापकांची पदे वर्षानुवर्षे रिक्त राहतात, तासिका तत्त्वावर वेळ निभावली जाते आणि त्याबद्दल कोणाला खंतही वाटत नाही.

गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेसाठी हिंगोली जिल्ह्याची निवड झाली, केंद्राने 2023 साली तिला मंजुरीही दिली. मराठवाड्याची जमीन विज्ञानाला चालते, मग येथील माणसे का चालू नयेत? कारखान्यासाठी भूसंपादन तातडीने होते. वर्गातील रिकामी खुर्ची भरण्याची तातडी शासनाने दाखवावी. एरवी बिडकीनचा मुलगा इतरांनी शोधलेल्या ज्ञानावर चालणारी यंत्रेच फिरवीत राहील.