जुना संगणक भंगारात काढण्यापूर्वी

गेल्या रमजानात, ईदपूर्वीचा माल उचलला जात असताना, आमच्या पेढीवरील बिले छापणारा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर बंद पडला. नवा आणून जोडला तर आमचा विंडोज एक्सपीचा जुना संगणक त्याला ओळखेना. कारागीर आला आणि एका वाक्यात निकाल देऊन गेला: "शेठ, हा डबा भंगारात काढा."

डबा खरा, पण त्यातच यंत्रमागवाल्यांकडील सतरा वर्षांची उधारी आहे. ती भंगारात कशी काढायची?

आमचे शिक्षण उर्दू माध्यमाचे. पडद्यावरचा इंग्रजी संदेश पाहिला की आम्ही गप्प बसतो आणि कारागीर म्हणेल ते मान्य करतो. बहुतेक व्यापारी बंधूंचे असेच होते. परंतु आकडा तर सर्वांना वाचता येतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळ्या खुणेपुढे कोड 28 होता. त्याचा अर्थ एवढाच की ड्रायव्हर बसलेला नाही. ड्रायव्हर म्हणजे संगणक आणि यंत्र यांच्यामधला दुभाषी. दुभाषी आला नाही म्हणून दुकान कोणी विकत नाही.

मायक्रोसॉफ्टने 8 एप्रिल 2014 रोजी एक्सपीची देखभाल थांबवली. त्यानंतर निघालेल्या यंत्रांसाठी कंपन्या एक्सपीचा ड्रायव्हर सहसा करीत नाहीत. शिवाय 32 बिटच्या विंडोजला 64 बिटचा ड्रायव्हर चालत नाही, हे खरेदीच्या वेळी दुकानदार सांगत नाही. आमच्या मते यंत्राचा ड्रायव्हर त्याच्या पावतीइतकाच महत्त्वाचा आहे. तो मागून घ्यावा, दोन ठिकाणी जपावा. फुकट ड्रायव्हरच्या नावाने भलत्या ठिकाणचे काही उतरवून घेऊ नये, त्यातून व्हायरस येतो. जुना संगणक इंटरनेटपासून दूरच ठेवावा आणि जीएसटीचे काम दुसऱ्या संगणकावर करावे. आणि हिशेबाची नक्कल? ती आधी काढावी, बाकी सर्व नंतर.

आमचे काम शेवटी पुतण्याने केले. एक्सपीमध्ये 'जनेरिक टेक्स्ट ओन्ली' नावाचा साधा ड्रायव्हर मुळातच असतो. प्रिंटर जोडण्याच्या यादीतून त्याने तो निवडला, पोर्ट यूएसबीचा दिला आणि बिल निघाले. त्यावर साधी इंग्रजी अक्षरे आणि आकडे येतात, मराठी वा उर्दू छापता येत नाही. व्यापाऱ्यांची एकही तक्रार आली नाही. मुनीमजी मात्र अजून कुरकुरतात, बिलावर पेढीचे चिन्ह येत नाही म्हणून.