आईला शिक्षिका कोणी केलं?



मुरूड तालुक्यातल्या एका कोळीवाड्यात बचत गटाच्या कामासाठी मी नेहमी जाते. तिथली एक बाई पूर्वी पहाटे बंदरावर लिलावात मासळी घ्यायची आणि पाटी घेऊन बाजारात बसायची. आता बसत नाही. तिची अकरा वर्षांची मुलगी बोलत नाही, तिला एकटं सोडता येत नाही. शाळेच्या हजेरीपटावर मुलीचं नाव आहे आणि पुढे शेरा आहे, 'गृहाधारित शिक्षण'. मी विचारलं, "शिकवतं कोण?" ती म्हणाली, "महिन्यातून एकदा बाई येतात, सही घेतात. बाकी मीच."

हे 'बाकी मीच' म्हणजेच आपल्याकडचं विशेष शिक्षण!

२०१२ च्या दुरुस्तीनंतर शिक्षण हक्क कायद्यात तीव्र आणि बहुविध अपंगत्व असलेल्या मुलांना घरी शिकण्याचा पर्याय निवडण्याचा हक्क मिळाला. निवडण्याचा! शाळेत मदतनीस नाही, जायला वाहन नाही, शिकवणारं कुणी नाही, तेव्हा या आईने निवडलं काय?

दोष त्या येणाऱ्या बाईंचाही नाही. त्यांनी मुंबईत राहून विशेष शिक्षणाचं बी.एड. केलं, भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी केली. १९९२ च्या कायद्याप्रमाणे नोंदणीशिवाय हे काम करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पण हे प्रशिक्षण अपंगत्वाच्या प्रकारानुसार असतं. या बाई शिकल्या ऐकू न येणाऱ्या मुलांना शिकवायला. आमच्या मुलीला ऐकू येतं, तिचं अपंगत्व बौद्धिक आहे. २०१६ च्या कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत. कागद एका प्रकाराचा आणि वाट्याला येतात सगळेच, तेही गावोगाव विखुरलेले. अशा बाईंना वर्षानुवर्षं कंत्राटावर राबवलं गेलं.

सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये सांगितलं, प्राथमिकला दहा अपंग मुलांमागे एक विशेष शिक्षक हवा, माध्यमिकला पंधरांमागे एक. मार्च २०२५ मध्ये राज्यांना पदं मंजूर करायला पुन्हा बजावावं लागलं. महाराष्ट्राने २०२४ मध्ये ४८६० पदं निर्माण केली, म्हणजे दर केंद्राला एक. मोजणी मुलांवरून व्हायला हवी होती, ती केंद्रांवरून झाली.

आपल्यातल्याच काही जणी म्हणतात, "कागदाचं काय घेऊन बसलात? अशा मुलांना माया हवी." मला याचा राग येतो. माया ही बाईकडून फुकट मागायची जुनी रीत आहे. अंगणवाडीताईला वेतनाऐवजी मानधन मिळतं, तेही याच मायेच्या नावाखाली. चित्रं दाखवून 'पाणी हवं' हे सांगायला शिकवणं, कपडे घालण्याचं काम लहान लहान पायऱ्यांत बसवणं, हे कसब आहे. ते शिकावं लागतं आणि त्याचे पैसे द्यावे लागतात. म्हणून प्रमाणपत्राची अट हवीच. पण अट फक्त बाईला का? ज्या वर्गात तिने शिकवायचं त्या वर्गाला का नाही?

आपण मागू या: आईला खरे पर्याय दिल्याशिवाय आणि तिची लेखी संमती घेतल्याशिवाय 'गृहाधारित' शेरा नको. मुलांच्या संख्येवरून पदं भरा. ज्या मुलांसाठी प्रशिक्षण झालं, त्यांच्याचकडे शिक्षिका पाठवा. शाळेत खोली, मदतनीस आणि वाहन द्या.

आणि सुरुवात आपल्या गावापासून. पुढच्या बैठकीआधी शाळेत जाऊन विचारा, 'गृहाधारित' मुलं किती? मग त्या घरांत जा आणि आयांना विचारा, "मूल घरी बसण्याआधी तुम्ही काय काम करत होता?"

ती उत्तरं लिहून आणा. आपलं निवेदन तिथूनच सुरू होईल.