शेतकऱ्याच्या पोरानें खेळावें कीं घोकावें?

शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो,

गेल्या जूनमध्यें आमच्या गांवचे एक शेतकरी हातांत खुरपें घेऊनच शाळेच्या दारांत उभे राहिले. पहिलीचीं पोरें जमिनीवर बसून चिंचोक्यांचे दहादहाचे ढीग करीत होतीं. ते म्हणाले, "गुरुजी, चिंचोकेच खेळायचे तर पोरगं घरीं काय वाईट होतं? चार शेळ्या तरी राखल्या असत्या. त्या इंग्रजी शाळेतलं तीन वर्षांचं पोर एबीसीडी लिहितंय!" आठवड्यानें त्यांनीं मुलाचें नांव काढून पिवळ्या बसच्या शाळेंत घातलें. फीपायीं घरधनिणीचें डोरलें गहाण पडलें.

त्या गृहस्थांस मी दोष देत नाहीं. दोष त्या समजुतीचा, जी आमच्या टाळक्यांत पिढ्यान् पिढ्या ठोकून बसविली आहे. घोकेल तो विद्वान, हातानें करील तो अडाणी! ज्यांनीं विद्या आपल्या घरांत कोंडून ठेविली, त्यांनीं पाठांतर म्हणजेच विद्या असें ठरवून टाकलें. मृगापासून हस्तापर्यंत नक्षत्रें ओळखून पेरणारा कुणबी अडाणी. लोखंडाचा रंग पाहून घण घालणारा लोहार अडाणी. अर्थ न कळतां मंत्र पुटपुटणारा मात्र पंडित! आज मंत्राच्या जागीं एबीसीडी आली, एवढेंच. दुकान नवें, मक्ता जुनाच.

महात्मा जोतीराव फुले यांनीं हें ढोंग कधींच ओळखलें होतें. 1882 सालीं हंटर कमिशनपुढें त्यांनीं बारा वर्षांपर्यंतच्या मुलांस सक्तीचें शिक्षण मागितलें, आणि त्यांत लिहिणें, वाचणें व हिशेब यांच्या जोडीला शेतकीचें व आरोग्याचें ज्ञानही मागितलें. शिक्षक शक्यतों शेतकरी वर्गांतलाच असावा आणि नांगराचें रुमणें किंवा सुताराचा वाकस धरण्याची त्यास लाज वाटूं नये, असें त्यांनीं स्पष्ट मांडलें. हाताला अक्कल आहे, हें सांगणारा तो माणूस होता. त्याच्या तसबिरीला हार घालायचा आणि पोराचे हात मात्र बाकावर बांधायचे, याला काय म्हणावें?

कोणी म्हणेल, खेळांतून शिक्षण हे श्रीमंतांचे लाड आहेत. ही शुद्ध थाप आहे! डॉ. मारिया माँटेसरी या बाईनीं आपलें पहिलें बालगृह 1907 च्या जानेवारींत उघडलें तें रोम शहराच्या सान लोरेंझो या गरीब वस्तींत. आईबाप कामावर गेल्यावर तेथलीं पोरें दिवसभर मोकाट फिरत. त्यांच्यासाठीं तें होतें. इकडे ताराबाई मोडक यांनीं 1945 सालीं बोर्डीस बालशिक्षणाचें केंद्र काढलें. पुढें त्यांनीं व अनुताई वाघ यांनीं कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांत काम केलें. पोर शाळेंत येत नाहीं? मग शाळा पाड्यावर नेली, आंगणांत भरविली, गुरें चरतात त्या कुरणांतही भरविली! खेळणीं कोणतीं? शिंपले, खडे, बिया, पानें. म्हणजे ही पद्धत जन्मली मजुराच्या पोरासाठीं, आणि आपल्या प्रांतांत रुजली ती आदिवासीच्या आंगणांत.

आणि आज? माँटेसरी बाईचें नांव शहरांतल्या महागड्या शाळांच्या पाट्यांवर चढलें आहे. धनिकाचें पोर मातींत खेळण्यासाठीं फी भरतें; आमचें पोर मातींतून उचलून बाकावर डांबण्यासाठीं आम्ही फी भरतों! त्यांच्या पोरास ठोकळे, आमच्या पोरास ठोके.

आतां त्या चिंचोक्यांकडे या. बेचाळिसांतून सतरा वजा करायचे आहेत. घोकलेलें पोर 'हातचा घेतला' म्हणतें; कोठून घेतला विचारा, तोंडाकडे पाहतें. चिंचोके हाताळलेल्या पोराजवळ दहादहाच्या चार पुड्या व दोन सुटे आहेत. तें एक पुडी सोडतें, सुटे बारा होतात. बारांतून सात गेले, पांच उरले. तीन पुड्यांतून एक गेली, दोन राहिल्या. पंचवीस! हें पोर पुढें सावकाराच्या वहींतला आंकडा तपासूं शकेल. 'हातचा' घोकणारा सावकाराच्या हातचा होईल.

यास पुरावाही आहे. नोबेल पारितोषिक मिळविलेले अभिजित बॅनर्जी व एस्थर डुफ्लो यांनीं सहकाऱ्यांसह केलेली एक पाहणी 2025 सालीं 'नेचर' या शास्त्रीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाली. कोलकाता व दिल्ली येथील बाजारांत काम करणारीं मुलें गिऱ्हाइकाचा अवघड हिशेब तोंडीं बिनचूक करीत. पण शाळेच्या पद्धतीनें तसेंच गणित लिहून दिलें कीं अडत. उलट शाळेंतल्या पुष्कळ मुलांस पुस्तकी गणितें येत, पण बाजारचा हिशेब जमेना. दोन्हीं पोरें हुशार. मधली भिंत मात्र शाळेनें घातलेली. ती फोडणें हेंच खेळाच्या शिक्षणाचें काम आहे.

दोन गोष्टी मात्र स्वच्छ सांगतों. खेळ मांडून देऊन मोबाईल पाहत बसणारा शिक्षक हा पगारचोर आहे. पोरास वाचतां, लिहितां, हिशेब करतां आलाच पाहिजे. पाढेही पाठ हवेत, पण आधीं समजून. दुसरें असें कीं, कुंभाराच्या पोरानें कुंभारच व्हावें, असें मी मुळींच म्हणत नाहीं. मद्रास प्रांतांत 1953 सालीं राजाजींच्या सरकारनें अर्धा दिवस शाळा व उरलेला वेळ बापाचा धंदा अशी योजना आणली. पेरियार व ब्राह्मणेतर चळवळ यांनीं तिच्यावर रान उठविलें आणि 1954 सालीं ती मोडली. ठीकच झालें! हाताचें शिक्षण म्हणजे जातीचा धंदा नव्हे. चाक सर्वांच्या पोरांनीं फिरवावें आणि इंजिनियरही सर्वांच्या पोरांनीं व्हावें.

कायदा आपल्या बाजूचा आहे. 2009 चा शिक्षण हक्क कायदा कृति व शोध यांतून शिकवा म्हणतो, मारहाण बंद करतो. जनगणना, निवडणूक व आपत्ति यांखेरीज बाहेरचीं कामें शिक्षकाच्या माथीं मारूं नयेत, असेंही सांगतो. 2020 च्या धोरणानें तीन ते आठ वर्षांच्या मुलांस खेळांतून शिकविण्याचें मान्य केलें. पण एका शाळेंत मीं पाहिलें, खेळण्यांची पेटी कपाटांत, कपाटाला कुलूप, कारण मोडतोड झाली तर भरून कोण देणार! आणि शिक्षक वर्ग सोडून माहितीचे तक्ते भरण्यांत गुंतलेला.

हें कुलूप तुम्हीच काढूं शकतां. शाळा व्यवस्थापन समितींत तीनचतुर्थांश सभासद पालक असतात व निम्म्या स्त्रिया. तेथें नुसता अंगठा वा सही करून उठूं नका. विचारा: पेटी कां बंद? शिक्षकाची जागा कां रिकामी? सुतारदादा, कुंभारमामा, बाजार करणाऱ्या मावशी, महिन्यांतून एक तास वर्गावर या. तुमची विद्या पोरांस दाखवा. आणि संध्याकाळीं पोरास "किती पानं लिहिलींस?" असें न विचारतां "आज काय केलंस, करून दाखव" असें विचारा.

पोराच्या हातांतले चिंचोके हिसकावूं नका. तीं बियाणें आहेत. बियाणें विकून कोणी शेती केली आहे काय?

आपला,
एक खेड्यांतला शाळामास्तर